उलटा पडताळा

भागाकार करून झाला की पडताळा घ्यायचा असतो, हे आपण सगळे लहानपणी शाळेत शिकलो. आलेल्या उत्तराला भाजकाने गुणायचं, बाकी मिळवायची आणि सुरुवातीची संख्या परत मिळते का ते पाहायचं. मिळाली तर गणित बरोबर. केतकी कणसेला ही रीत फार आवडायची. मोठी होऊन तिने युद्धांची परीक्षा घेणारं यंत्र बांधलं, तेव्हा त्याचं नावही तिने 'पडताळा' असंच ठेवलं. पण नाव ठेवताना त्या रीतीतला एक भाग ती विसरली होती. तो आठवायला तिला स्वतःच्या गावात जाऊन टोमणे ऐकावे लागले.

तिचं गाव वेळंजेवाडी. सातारा जिल्ह्यातली फौजींची वाडी. इथे दारावरच्या पाटीवर आधी हुद्दा असतो, मग नाव. केतकी पोचली तेव्हा तिचा थोरला भाऊ, नायब सुभेदार धैर्यशील कणसे, आपल्या दारावरची पाटी रॉकेलच्या बोळ्याने घासत होता. पाटीवर कुणीतरी डांबर फासलं होतं.

"दादा."

त्याने मागे पाहिलं नाही. "चहा पाहिजे असंल तर आत सगळं हाय. घे करून."

"चहाला नाही आले मी."

"मग बघायला आलीस व्हय? बघ की. तुझ्या यंत्राचंच काम हाय ह्ये. मी नुसतं पुसतोय."

गेल्या शरदात उत्तरेच्या सीमेवर सोमरी खिंडीचं युद्ध झालं. ते आपण जिंकलं. खिंडीच्या दोन बाजूंना, समोरासमोरच्या दोन कड्यांवर, आपल्या दोन चौक्या होत्या. पहिली चौकी हवालदार प्रवीण जगदाळेची आणि दुसरी धैर्यशीलची. दोघेही वेळंजेवाडीचेच, शेजारी शेजारी राहणारे. लढाईच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धैर्यशील आपली माणसं घेऊन कड्यावरून खाली उतरला. तिसऱ्या दिवशी प्रवीणची चौकी पडली. तिथलं कुणीही परत आलं नाही.

युद्ध संपल्यावर सरकारने युद्धसमीक्षा मंडळ नेमलं आणि त्याच्या हाती पडताळा दिला. यंत्राचा पहिला निष्कर्ष सगळ्या वाहिन्यांनी दाखवला: नियोजन उत्तम, अंमलबजावणी सदोष. दोष कुठे? दुसऱ्या चौकीवर.

हे यंत्र काय करतं, ते कबड्डीवरून समजून घेऊ. सामना हरला की पोरं कट्ट्यावर बसून वाद घालतात: त्या वेळी चढाई करणाऱ्याने बोनस घ्यायला जायलाच नको होतं! खरं का खोटं, कसं ठरवणार? तोच सामना पुन्हा खेळता येत नाही. पडताळा मात्र तो पुन्हा खेळतो. खिंडीचा प्रत्येक दगड, त्या दिवसांतला वारा, थंडी, ड्रोनने टिपलेली चित्रं, रेडिओवरचं बोलणं, दोन्हीकडची शस्त्रं, हे सगळं त्याच्या पोटात भरलेलं असतं. मग ते तेच युद्ध लाखो वेळा खेळतं, आणि दर खेपेला एकच निर्णय बदलतं. इथे तोफ अर्धा तास आधी डागली असती तर? ही तुकडी थांबली असती तर? ज्या बदलाने उद्देश जास्त जवळ येतो, तिथे चूक झाली होती असं समजायचं.

मात्र खेळ सुरू करण्याआधी यंत्राला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. उद्देश काय होता, आणि कोणत्या अडचणी अशा होत्या की ज्यांवर कुणाचाच इलाज नव्हता. या दोन्ही गोष्टी सोमरीचे सेनापती, लेफ्टनंट जनरल चिटणवीस यांनी सांगितल्या होत्या. उद्देश: दोन्ही चौक्या हिवाळाभर धरून ठेवणे. अडचण: खराब हवेमुळे चौक्यांवर जास्त रसद पोचवता आली नाही.

"यंत्र चुकत नाही, दादा," केतकी म्हणाली. हे वाक्य तिने गाडीत बसून मनाशी पाठ केलं होतं, आणि तोंडातून निघताच ते तिला नकोसं झालं. "मी तीनदा तपासलं. तू थांबला असतास तर पहिली चौकी टिकायची शक्यता वाढत होती. मी काय करू?"

"काय करू नगंस. पुढल्या आठवड्यात मंडळाची सही झाली की लष्करी न्यायालय हाय. नाव जाईल, वर्दी जाईल. पाटी तर गेलीच." त्याने बोळा बादलीत टाकला. "माझी तीन पोरं जखमी होती. गोळ्या संपलेल्या. पाणी संपलेलं. खालून कोण उत्तर देईना. ह्ये भरलं होतंस का तुझ्या यंत्रात?"

"सगळं भरलं होतं."

"आणि तरी मी पळपुटा?"

तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला.

"आल्या का यंत्रवाल्या बाई!"

प्रवीणची बायको, रूपाली जगदाळे, कमरेवर हात ठेवून उभी होती. वेळंजेवाडीत एक जुनी रीत आहे. लढाईवरून परतलेल्या जवानाला वेशीवर ओवाळतात, आणि पहिलं ताट धरायचा मान लढाईत नवरा गमावलेल्या बाईचा असतो. इतर गावांत विधवेला ओवाळू देत नाहीत. इथे तिच्याआधी दुसरं कुणी ओवाळत नाही. निष्कर्ष जाहीर झाल्यावर धैर्यशील घरी आला, तेव्हा ताट रूपालीच्या हातात होतं. तिने ते रस्त्यावर ठेवलं आणि पाठ फिरवून घरी गेली. बाकीच्या बायका तिच्यामागोमाग गेल्या. ताटातली साखर मुंग्यांनी नेली.

"रूपालीवहिनी, बऱ्या आहात?" केतकीने विचारलं.

"तुमचं यंत्र खरं बोललं म्हणून तुमच्याशी बोलतेय, ताई. न्हायतर ह्या घराकडं मी थुंकतही न्हाय." तिने धैर्यशीलकडे बोट केलं. "नाव बघा, धैर्यशील! कुणी ठेवलं वो? वर जायच्या आधी आमच्या ह्यांचा फोन आला होता मला. म्हणाले, मोठ्या पिशव्या खालीच ठेवायला लावल्यात, पाठीवर दोन दिवसांचं खाणं घेतलंय. मी म्हटलं, मग परवा फोन करा. त्या दोन दिवसांच्या शिदोरीवर माझा माणूस तिसऱ्या दिवशी मरेपर्यंत उभा राहिला. भावजींच्या पाठीवर पण तेवढंच होतं की! ह्ये उतरले."

धैर्यशीलने मान खाली घातली. रूपाली आत गेली आणि दार आपटलं.

केतकी मात्र जागची हलली नाही. तिच्या डोक्यात दोन वाक्यं एकमेकांवर आपटत होती. हिवाळाभर धरून ठेवणे. दोन दिवसांचं खाणं.

"दादा, वर जाण्याआधी वाळूचा नकाशा मांडला होता?"

"मांडतातच की." मोहिमेआधी फौजेत वाळूचा डोंगर करतात, त्यावर रंगीत दोरे लावून वाटा दाखवतात. "वर जायचा निळा दोरा होता."

"आणि खाली यायचा?"

"पिवळा असतोय तो. नव्हता."

"तू विचारलं नाहीस?"

"आपल्यात कुणी विचारतंय का? आपल्या आबांनी फौजेत कधी विचारलं? हुकमाचं कारण विचारायचं नसतं, ह्ये चालायला शिकायच्या आधी शिकलो आपण." त्याने प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं. "तू तरी विचारलंस का तुझ्या जनरलला?"

नव्हतं विचारलं. यंत्रात लाखो निर्णय बदलून पाहायची सोय तिने केली होती, पण वरून आलेल्या त्या दोन ओळींना हात लावायचं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. तीही याच वाडीची होती.

*

पुण्याच्या प्रयोगशाळेत परतल्यावर तिने पडताळ्याला उलटं चालवलं.

उलटं म्हणजे कसं? समजा, सकाळी रस्त्यावरून एक मुलगा चाललाय. तो कुठे निघालाय ते सांगत नाही, किंवा मुद्दाम खोटं सांगतोय. तुम्ही त्याचं दप्तर उघडून पाहा. पोळीभाजीचा डबा आणि वह्या असतील तर शाळेत. पोहायची चड्डी आणि टॉवेल असेल तर विहिरीवर. ओठांवर काहीही असू दे, दप्तर खरं बोलतं. केतकीने आजवर यंत्राला उद्देश सांगितला होता आणि चुका विचारल्या होत्या. आता तिने सेनापतींचे सगळे निर्णय जसेच्या तसे ठेवले आणि विचारलं: हेच निर्णय ज्याला शहाणपणाचे वाटतील, अशा माणसाचा उद्देश काय असेल? उत्तराकडून गणिताकडे. चौथीतला पडताळा असाच तर असतो, आणि हाच भाग ती विसरली होती.

यंत्राने हजारो उद्देश तपासले. 'चौक्या हिवाळाभर धरणे' हा उद्देश तळाशी गेला. त्या उद्देशाने पाहिलं तर सेनापती वेडा ठरत होता. चौक्यांवर दोन दिवसांची रसद. आणि तुकड्या वर चढल्या त्याच सकाळी, स्वच्छ आकाशात, मालवाहू ड्रोन खिंडीमागच्या दरीत अग्निबाणांचे ढीग नेऊन टाकत होते. खराब हवा कुठेच नव्हती.

सगळ्यांच्या वर एकच उद्देश उरला. त्याच्याशी प्रत्येक निर्णय तंतोतंत जुळत होता. चौक्या पडल्या पाहिजेत. लढून, खरोखरीच्या वाटतील अशा पडल्या पाहिजेत. म्हणजे शत्रू खिंड मोकळी झाली असं समजून सगळं बळ घेऊन आत येईल, आणि मागच्या दरीतून त्याला भाजून काढता येईल.

आणि तसंच झालं होतं. हा उद्देश घालून केतकीने यंत्र पुन्हा सरळ चालवलं. पडद्यावर अक्षरं आली: नियोजन उत्तम. अंमलबजावणी उत्तम. दोष: नाही.

भाऊ निर्दोष होता. केतकीने मात्र पडदा बंद केला.

*

जनरल चिटणवीस यांनी तिला मंडळाच्या इमारतीतल्या आपल्या खोलीत बोलावलं. तिने कागद टेबलावर ठेवले. त्यांनी ते उघडलेही नाहीत.

"यंत्र हुशार आहे तुमचं," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, याला दोन वर्षं लागतील."

"तुम्ही मंडळाला खोटा उद्देश दिलात."

"मग काय देऊ? 'आमचीच माणसं मारून घेणे'? डॉक्टर कणसे, चौक्या नुसत्या रिकाम्या केल्या असत्या तर शत्रू आत आला असता? तो मूर्ख नाही. रक्त पाहिल्याशिवाय त्याचा विश्वास बसत नाही. दोन चौक्या दिल्या, खिंड राहिली, खालची पाच गावं राहिली. जगातल्या कुठल्याही लष्करी शाळेत नेऊन दाखवा. याला उत्तम नियोजनच म्हणतात."

"आणि माझ्या भावावर आळ का येऊ दिलात?"

"मी येऊ दिला नाही. तुमच्या यंत्राने घातला." ते हसले. "तुम्ही मला विचारलंच नाही की उद्देश खरा आहे का. मी वाट पाहत होतो."

"उद्या मी हे मंडळापुढे ठेवणार."

"जरूर ठेवा. भाऊ सुटेल. नियमाप्रमाणे शहिदांच्या घरचे उद्या सभागृहात असतील. ती जगदाळेची बायकोही असेल. तिला आज वाटतं की तिचा नवरा चौकी राखताना गेला आणि एका भेकडामुळे गेला. तिला तेवढा तरी आधार आहे. तुम्ही तिला सांगा, तो गळाला लावलेलं गांडूळ होता म्हणून." त्यांनी कागद तिच्याकडे सरकवले. "भावाचं नाव स्वच्छ करायला हे बरं रॉकेल आहे."

पाटीवरच्या डांबराची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती तर.

*

केतकीने सांगितलं. सभागृहात सगळ्यांसमोर, शाळेतल्या मुलांना समजेल अशा भाषेत, दप्तराच्या उदाहरणासह. तिने काही वगळलं नाही. मागच्या रांगेत धैर्यशील दगडासारखा बसला होता. कुणीतरी ओरडलं, "भावाला वाचवायचा डाव आहे हा!" दुसऱ्याने खुर्ची ढकलली. मंडळाचे अध्यक्ष, एक निवृत्त न्यायमूर्ती, टेबलावर हात आपटत राहिले.

मग रूपाली उभी राहिली, आणि हळूहळू सगळे गप्प झाले.

"साहेब," ती जनरलना म्हणाली, "ह्या बोलतायत ते खरं हाय?"

"हो," जनरल म्हणाले. त्यांनी डोळे चुकवले नाहीत. "तुमच्या पतीमुळे देश जिंकला, वहिनी."

"वहिनी म्हणू नका. तुमच्या भावाशी लगीन न्हाय झालं माझं." ती केतकीकडे वळली. "ताई, यंत्रात उद्देश घालता येतो म्हणालात. कुणीबी घातला तर चालतो?"

"चालतो."

"मग मी सांगते तो घाला. खिंड पण राहू दे, आणि वरची माणसं पण खाली येऊ देत. बघा काय म्हणतंय."

अध्यक्षांनी जनरलकडे पाहिलं. जनरलनी खांदे उडवले. यंत्र चालू झालं. चहा आला, कुणी प्यालं नाही, कपांवर साय धरली. शेवटी केतकीने पडद्यावरचं वाचलं.

"दहातल्या सात खेपांना दोन्ही जमतं. मोहिमेत एकच बदल लागतो. वाळूच्या नकाशावर खाली यायचा दोरा लावायचा आणि दोन्ही चौक्यांना सांगायचं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरा. तेवढी लढाई पाहून शत्रू आत येतो." तिने पुढची ओळ वाचली. "प्रत्यक्षातही तो तिसऱ्या दिवशी सकाळी आत शिरला, तो दुसऱ्या चौकीच्या बाजूनेच. जी आदल्या संध्याकाळी रिकामी झाली होती. या उद्देशाने पाहिलं तर... नियोजन निकृष्ट."

"दहातल्या तीन खेपांना खिंड जाते," जनरल शांतपणे म्हणाले. "ती पाच गावं तुम्ही त्या तीनवर लावाल? आणि उतरायचंय हे ठाऊक असलेला माणूस कसा लढतो, ते मी तुमच्या यंत्रापेक्षा जास्त पाहिलंय. शिवाय, बाई, माणसं परत आणा हा उद्देश मला कुणी दिलाच नव्हता."

"तो द्यावा लागतो व्हय?" रूपालीने विचारलं.

तिचा प्रश्न कार्यवृत्तात नोंदला गेला नाही, कारण अध्यक्षांनी त्याच वेळी बोलायला सुरुवात केली. यंत्राचे तीन निष्कर्ष झाले होते आणि मंडळाला एकच हवा होता. त्यांनी केतकीला विचारलं, कोणता बरोबर?

"तिन्ही बरोबर आहेत, महोदय. यंत्र फक्त उद्देश पाळतं. कुणाचा उद्देश पाळायचा, ते माणसांनी ठरवायचं असतं."

माणसांनी ठरवलं. अधिकृत उद्देश तो, जो सेनापतींच्या मनात होता. संध्याकाळी सही झाली. सोमरीची मोहीम: नियोजन उत्तम, अंमलबजावणी उत्तम. नायब सुभेदार कणसे यांच्यावरील ठपका रद्द. सभागृहाबाहेर लोक जनरलशी हस्तांदोलन करत होते.

"म्हणजे मी पळालो ते बी त्यांच्या नियोजनात बसलं," धैर्यशील जिना उतरताना म्हणाला. "पळपुटा होतो तेच बरं होतं गं. निदान ते माझं स्वतःचं होतं."

*

ते दोघे वाडीत पोचले तेव्हा वेशीवर गाव जमलं होतं. ढोल होता. पाटी कुणीतरी नवी करून आणली होती, डांबर फासणाऱ्यांपैकीच कुणीतरी. सरपंच पुढे होऊन म्हणाले, "झालं गेलं विसरा, सुभेदार. यंत्रानंच सांगितलं म्हटल्यावर आमचं काय म्हणणं न्हाय." ताट रूपालीच्या हातात दिलेलं होतं. दिवा पेटलेला.

ती पुढे आली. ढोल थांबला.

"भावजी, उतरताना ह्यांना हाक मारली होती?"

"मारली होती. रेडिओवर. दोनदा."

"काय म्हणाले?"

"म्हणाला, मला उतरायचा हुकूम न्हाय. तू हो पुढं."

"आणि तुम्ही झाला पुढं."

"व्हय, वहिनी."

रूपालीने ओवाळायला हात वर उचलला नाही. मग ती बाजूला वळली आणि ताट केतकीच्या हातात ठेवलं.

"धरा, ताई. तुमच्या यंत्राला ओवाळा. त्याचं कधीच काय चुकत न्हाय."

ती घराकडे निघाली. या खेपेला तिच्यामागे कुणी गेलं नाही, आणि धैर्यशीलजवळही कुणी आलं नाही. केतकी ताट घेऊन रस्त्यात उभी राहिली. वाऱ्याने दिवा विझला, तरी ते खाली ठेवायचं तिला सुचलं नाही.

पुण्याला परतल्यावर तिने पडताळ्यात एक बदल केला. यंत्र आता सुरू करताना दोन उद्देश मागतं. एक पाठवणाऱ्याचा, दुसरा जाणाऱ्याचा किंवा त्याच्या घरच्यांचा. दुसरी जागा रिकामी ठेवली तर ते चालूच होत नाही. तिने तशी सूचना मंडळाला कळवली, आणि यंत्र नव्याने वापरायला तयार आहे असंही लिहिलं.

त्यानंतर देशाने आणखी एक छोटं युद्ध लढलं आणि जिंकलं. त्याची समीक्षा मंडळाने पडताळ्याशिवायच केली. नियोजन उत्तम होतं म्हणे.